इन्सुलेशन लावलेल्या पाइपमधून किती उष्णता जाते, ते काढायचं कसं

सपाट भिंतीचं सूत्र पाइपला लावलं की गणित फसतं. भिंतीत उष्णता शिरते तेवढ्याच क्षेत्रफळातून बाहेर पडते. पाइपमध्ये बाहेर जाताना क्षेत्रफळ वाढत जातं. म्हणून नुसती जाडी पुरत नाही, त्रिज्यांचं गुणोत्तर लागतं.

रोध म्हणजे उष्णतेच्या वाटेतला अडथळा. वहनाचा (थरातून आरपार जाण्याचा) रोध: बाहेरची त्रिज्या भागिले आतली त्रिज्या, त्याचा नैसर्गिक लॉग, त्याला (६.२८ × वाहकता × लांबी) ने भागा. ६.२८ म्हणजे २π, वाहकता म्हणजे पदार्थ उष्णता किती सहज पुढे नेतो ते. अभिसरणाचा (पृष्ठभागावरून हवेत जाण्याचा) रोध: १ ÷ (अभिसरण गुणांक × ६.२८ × सर्वांत बाहेरची त्रिज्या × लांबी). रोधांची बेरीज करा आणि तिने तापमानातल्या फरकाला भागा. उत्तर वॉटमध्ये येतं. त्रिज्या मीटरमध्येच घ्या.

६० मिमी बाहेरच्या व्यासाचा पाइप घेऊ. वर ४० मिमी ग्लासवूल, वाहकता ०.०४. पाइप १५० अंश, हवा ३०, गुणांक १० (प्रारण, म्हणजे किरणांनी जाणारी उष्णता, धरून), लांबी १ मीटर. त्रिज्या ०.०३ आणि ०.०७.

लॉग (०.०७ ÷ ०.०३) = ०.८४७, ग्लासवूलचा रोध ३.३७. हवेचा ०.२३. बेरीज ३.६०, म्हणजे सुमारे ३३ वॉट. उघड्या पाइपमधून हेच २२६ वॉट जातात. पोलादाच्या ४ मिमी भिंतीचा रोध ०.०००५ च्या आसपास, तो सोडून द्या.

अभिसरण गुणांक नेमका किती, यावर फार डोकं खपवू नका. १० ऐवजी ५ धरला तरी उत्तर ३१ वॉट. पृष्ठभागाचं तापमान मात्र ३८ वरून ४४ वर जातं. चकचकीत पत्र्याचं आवरण हाताला जास्त गरम लागतं ते यामुळेच. प्रारण कमी झालेलं असतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते कॅल्क्युलेटरचं बटण. 'एलएन'ऐवजी दहाच्या पायाचा लॉग दाबला की ३३ चे ७१ वॉट होतात. आतलं क्षेत्रफळ धरून सपाट सूत्र वापरलं तर २२ येतात, आणि इन्सुलेशन आहे त्याहून भारी वाटतं.

बारीक तारेचा मामला उलटा. वाहकता ÷ गुणांक ही क्रांतिक त्रिज्या, प्लास्टिकसाठी ०.१६ ÷ १० = १६ मिमी. १ मिमी त्रिज्येच्या तारेवर प्लास्टिक चढवलं की तिथपर्यंत उष्णता जास्तच निघते. आपल्या ग्लासवूलसाठी ती ४ मिमी आणि पाइप ३० मिमीचा, तेव्हा काळजी नाही.

प्रत्यक्षात पृष्ठभाग ३८ ऐवजी ५५ अंश दिसला, तर २५ ÷ ०.२३, म्हणजे जवळपास ११० वॉट जातायत. अशा वेळी आधी ग्लासवूल ओलं झालंय का ते बघा, मग सांधे.