जुन्या घरातलं शिसं: तळघरापासून सुरुवात करा

शिकागोतलं आमचं घर शंभरीला टेकलेलं, म्हणजे जुन्या पाइपमधून नळाच्या पाण्यात शिसं उतरायची भीती. बाळाच्या दुधासाठी आई पाणी वीस-वीस मिनिटं उकळायची. तिला सांगावं लागलं, आई, उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट वाढतं.

आधी तळघरात उतरा. रस्त्याकडून मीटरपर्यंत येणारा पाइप नाण्याने हलकेच खरवडा. तांबं असेल तर तांबूस दिसेल. आमचा मऊ, करडा होता. ओरखडा चांदीसारखा चमकला आणि फ्रिजवरचं चुंबक काही चिकटेना. शिसंच! या शहरात 1986 पर्यंत घरजोडणीला शिशाचे पाइप घालत.

पाण्यातलं शिसं तपासायला निदान सहा तास घरात पाणी अजिबात वापरू नका, फ्लशसुद्धा नाही. मग सकाळची पहिली धार बाटलीत धरा.

पाइप बदलेपर्यंत फिल्टर हवाच. खोक्यावर ‘एनएसएफ 53’ हे फिल्टरच्या प्रमाणपत्राचं नाव आणि शिशाचा स्पष्ट उल्लेख बघून घ्या, फिल्टरच्या आतला गाळणीचा भाग वेळेवर बदला. चहा-भाताला गरम नळाचं पाणी घेऊ नका, त्यात शिसं जास्त उतरतं. नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. आमच्या जाळीत करडे कण अडकले होते.

पालिका पाण्यात फॉस्फेट घालते, त्याने पाइपला आतून थर बसतो आणि शिसं पाण्यात कमी उतरतं. 2014 मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने नदीचं पाणी घेतलं, पण त्यात असं गंजरोधक घातलं नाही. शिसं घराघरांत पोचलं. म्हणून बाहेर रस्ता खोदला की सावध राहा, धक्क्याने तो थर सुटतो. आणि अर्धाच पाइप बदलून घेऊ नका. कापाकापीने काही काळ शिसं वाढतं.