सदाहरित अ‍ॅगापँथस ठाणे-नवी मुंबईत लावताना या चुका टाळा

अ‍ॅगापँथसचे रोप बहुतेक वेळा फुलाच्या छायाचित्रावर भाळून घरी आणले जाते. उंच, सरळ दांड्याच्या टोकाला निळ्या किंवा पांढऱ्या फुलांचा गोल झुबका आणि खाली पट्ट्यासारख्या गर्द पानांचा दाट गुच्छ, असे त्याचे रूप खरोखरच देखणे असते. पुढे वर्षभरात मात्र एक तर मधला कोंब कुजतो, नाही तर पाने तजेलदार असूनही दांडा काही येत नाही. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे. आपण या झाडाला उन्हापासून जपत राहतो, आणि ते जाते जून ते सप्टेंबरच्या पाण्याने. म्हणून कुंडी, माती, जागा आणि खत यांचा प्रत्येक निर्णय त्या चार महिन्यांचा विचार करून घ्यावा लागतो.

अ‍ॅगापँथस मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. त्याच्या काही जातींची पाने हिवाळ्यात झडून जातात, तर अ‍ॅगापँथस प्रीकॉक्ससारख्या जाती बारा महिने हिरव्या राहतात. या सदाहरित जाती जिथल्या आहेत, तिथे पाऊस हिवाळ्यात किंवा वर्षभर विभागून पडतो आणि हिवाळा चांगलाच गार असतो. आपल्याकडे साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्री सोडल्या तर गारवा असा नसतोच. उटी-कोडाईकनालच्या बागांत हे झाड सहज फुलते. खाडीकाठच्या दमट हवेत तसे होईलच याची खात्री कोणत्याही विक्रेत्याने देऊ नये आणि ग्राहकाने मागू नये. पानांच्या सौंदर्यासाठी लावावे आणि फूल आले तर तो बोनस समजावा, या तयारीनेच ते घरी आणलेले बरे.

खरेदी करताना

लाल, पिवळ्या किंवा इंद्रधनुषी अ‍ॅगापँथसचे बी ऑनलाइन दिसले तर ते घेऊ नये. या फुलाचे रंग निळा, जांभळा आणि पांढरा यांच्याच आसपास असतात. खऱ्या बियांपासून वाढवलेल्या रोपालाही फुलण्याच्या वयात यायला साधारण तीन वर्षे लागतात, तीही अनुकूल हवामानात. 'कंद' म्हणून विकले जाणारे सुकलेले तुकडेही टाळावेत. अ‍ॅगापँथसला कांद्यासारखा कंद नसतो. जमिनीखाली जाड खोड असते आणि त्याला दोरीसारखी मांसल मुळे फुटलेली असतात. तो तुकडा आठवडे कोरडा पडून राहिला की मुळे मरतात. पानांसह, कुंडीत रुजलेले रोपच घ्यावे, आणि उंच दांड्याच्या प्रकारापेक्षा बुटका प्रकार निवडावा, कारण वरच्या मजल्यांवरच्या वाऱ्यात दोन-तीन फुटांचा दांडा टिकत नाही.

कंदाच्या गैरसमजातून आणखी एक चूक होते. फुटबॉल लिली किंवा ग्लॅडिओलससारखी ही वनस्पती विश्रांती घेईल असे मानून थंडीत तिचे पाणी बंद केले जाते किंवा पाने कापून टाकली जातात. सदाहरित प्रकाराला अशी झोप नसते. पुढच्या फुलासाठी लागणारा साठा हीच पाने तयार करत असतात, त्यामुळे फक्त तळाची वाळलेली पाने काढावीत.

पाणी आणि माती

स्पायडर लिली गटाराच्या कडेला, चिखलातही वाढते. अ‍ॅगापँथसला तशीच जागा देणे ही या भागात सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. सोसायटीच्या आवारात कुंपणालगत, इमारतीच्या पागोळ्यांखाली किंवा डक्टच्या पाइपाजवळ ओळीने लावलेली रोपे पहिल्या पावसाळ्यातच विरळ होतात. वाशी-ऐरोलीकडच्या भराव टाकलेल्या सपाट जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून तिथे जमिनीपेक्षा आठ-दहा इंच उंच वाफा करूनच लावावे. येऊर किंवा पारसिकच्या उतारावरच्या मुरमाड जमिनीत हे काम पुष्कळ सोपे होते.

कुंडीसाठी प्लास्टिकपेक्षा मातीची कुंडी चांगली, कारण तिच्या भिंतींतून ओल बाहेर पडते. एका रोपाला दहा ते बारा इंचांची कुंडी पुरते. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावले तर मुळे न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कूज तिथून सुरू होते. एक भाग लाल माती, एक भाग जाड रेती किंवा विटांचा रवाळ चुरा आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत, असे मिश्रण करावे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अगदी कमी घालावे, कारण जुलैच्या हवेत ते लवकर सुकतच नाही. रेतीच्या ऐवजी क्रशरची बारीक कच वापरली तर ती सिमेंटसारखी बसते आणि निचरा उलट बंद होतो. लावताना पाने जिथून फुटतात तो भाग मातीच्या पातळीवर किंवा किंचित वर राहील असे पाहावे, म्हणजे पानांच्या बेचक्यात चिखल साचणार नाही.

पाऊस सुरू होण्यापूर्वी कुंडीखालची ताटली काढून टाकावी, कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवावी आणि सरी थेट लागणार नाहीत पण उजेड मिळेल अशा जागी हलवावी. त्या दिवसांत पाणी ठरावीक वारी नव्हे, तर बोट खुपसून वरची दोन इंच माती कोरडी लागल्यावरच द्यावे. हाच नियम हिवाळ्यालाही लागू आहे.

जागा

पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिल-मेच्या दुपारी लादी आणि भिंत दोन्ही तापतात, आणि पानांची टोके करपतात. सूर्यप्रकाश हवा म्हणून हीच बाल्कनी निवडणे चुकीचे आहे. घरात पर्याय असेल तर दक्षिणेची बाल्कनी सर्वांत योग्य ठरते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे तिथे दिवसभर ऊन आत येते, तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्या अक्षांशावर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात तिथे आपोआप सावली मिळते. पूर्वेची बाल्कनीही चालते. उत्तरेच्या बाल्कनीत पाने लांबट आणि लोळणारी होतात, आणि फुलाची आशा जवळजवळ संपते. मिळेल तेवढा गारवा मिळावा म्हणून थंडीच्या रात्री कुंडी कठड्याजवळ, मोकळ्या हवेत ठेवावी. एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर मात्र ती कधीही ठेवू नये.

खत आणि दाटी

शेंगदाणा पेंड, ताजे शेणखत किंवा युरिया यांनी पाने जोमाने वाढतात, पण फुलाचा दांडा यायला उशीर होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत पालाश जास्त असलेले खत द्यावे. सल्फेट ऑफ पोटॅश लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम या प्रमाणात, महिन्यातून एकदा पुरेसे आहे. पावसाळ्यात खत देऊ नये.

'मुळे दाटली की फूल येते' हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो, आणि तो अर्धाच खरा आहे. थोडी दाटी चालते. पण मुळांनी कुंडी तडकू लागली आणि घातलेले पाणी कडेने सरळ निघून जाऊ लागले की झाड उपाशी राहते. तीन-चार वर्षांनी, ऑक्टोबरच्या अखेरीस, प्रत्येक भागाला मुळे आणि पानांचे एक-दोन पंख्यासारखे गुच्छ राहतील असे विभाजन करावे आणि काप एक दिवस सावलीत सुकू द्यावेत. त्यानंतरच्या हंगामात फूल आले नाही तर काळजीचे कारण नाही. विभाजन हातमोजे घालूनच करावे, कारण या झाडाच्या रसाने त्वचेची आग होऊ शकते आणि तो तोंडात गेल्यास फोड येतात. लहान मुले आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात हे विशेष सांभाळावे.

पाने पिवळी पडली तर

तळाचे एखादे जुने पान पिवळे होणे स्वाभाविक आहे. मधले पान पिवळे दिसले तर ते दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहावे. ते जागचे हलले नाही तर धोका नाही. ते अलगद हातात आले, त्याचे बूड बुळबुळीत आणि तपकिरी असले आणि आंबूस वास आला, तर कूज खोडापर्यंत पोहोचलेली असते. अशा वेळी वर बुरशीनाशक फवारून काही साधत नाही. झाड त्याच दिवशी कुंडीतून काढून मुळे धुवावीत. निरोगी मूळ पांढरे आणि टणक असते, कुजलेले दाबताच साल सोडते. कुजलेला सर्व भाग घट्ट, पांढरा गाभा दिसेपर्यंत धारदार सुरीने कापावा, झाड दोन दिवस वाऱ्यावर ठेवावे आणि ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेल्या नव्या, जेमतेम ओलसर मातीत लावावे. आठवडाभर पाणी घालू नये. मांसल मुळांत साठा असल्यामुळे ते तेवढा काळ तग धरते.

पानांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण असतो. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने तो पुसून काढावा. पावसाळ्यात गोगलगायी कोवळा कोंब रात्रीतून खातात. त्या अंधार पडल्यावर टॉर्चच्या उजेडात वेचाव्यात, पण त्यांच्यासाठी कुंडीत मीठ टाकू नये, कारण त्याने मातीच बिघडते.