लाइन १०० एमबीपीएसची, तरी बुटीबोरीची फाइल का रांगते?

लाइन वाढवून मागण्याआधी हिशेब करा. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यातून मुंबईच्या सर्व्हरला पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) २५ मिलिसेकंद येतोय आणि टीसीपी विंडो (पोच येण्याआधी एका दमात पाठवता येणारा डेटा) ६४ केबीवर अडकली आहे, तर एका कनेक्शनला २१ एमबीपीएसच्या वर काही मिळत नाही. लाइन १०० ची असो की ५०० ची. १०० पूर्ण भरायला विंडो ३१२ केबी तरी हवी. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर जाऊन-येऊन प्रकाशालाच फायबरमधून ७ मिलिसेकंद लागतात. अंतर घटत नाही, फेऱ्या घटवता येतात; ॲक्सिलरेशन पॉलिसीचं, म्हणजे कोणत्या ट्रॅफिकला कसा वेग द्यायचा हे ॲक्सिलरेटर यंत्राला सांगणाऱ्या नियमांचं, काम तेच.

हे ॲक्सिलरेटर यंत्र दोन्ही टोकांना लागतं. एकीकडेच लावलं तर कॅशिंगचा, म्हणजे एकदा गेलेला डेटा साठवून पुन्हा न पाठवण्याचा, उपयोग शून्य. दोघांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवा, मगच एकमेकांना पीअर (जोडीदार यंत्र) म्हणून नोंदवा.

बहुतेक यंत्रं पॉलिसी वरून खाली वाचतात आणि पहिली जुळली की तिथेच थांबतात. म्हणून 'सगळं टीसीपी' हा नियम चुकूनही वर ठेवू नका. सर्वांत वर बायपास, म्हणजे ज्याला यंत्राने हात लावायचा नाही ते: फोन, व्हिडिओ कॉल, आधीच कॉम्प्रेस केलेला बॅकअप. आवाजाला वेग नको, वाट मोकळी हवी. त्याला क्यूओएसमध्ये (ट्रॅफिकचा अग्रक्रम ठरवण्याची सोय) डीएससीपी ४६ हा अग्रक्रमाचा शिक्का द्या आणि शेपर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वेगाची मर्यादा, ९५ एमबीपीएसवर लावा, म्हणजे रांग तुमच्या यंत्रात लागेल, लाइन देणाऱ्या कंपनीच्या राउटरमध्ये नाही. त्याखाली पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंग: बाइट कॅशिंग (डेटाचे सारखे तुकडे पुन्हा न पाठवणं) आणि प्रोटोकॉल ऑप्टिमायझेशन (प्रश्न-उत्तरांच्या फेऱ्या घटवणं) दोन्ही चालू. खरी कमाई इथेच आहे. मग ४४३, म्हणजे एन्क्रिप्टेड वेब, पण फक्त स्वतःच्या सर्व्हरचं, कारण उलगडायला सर्टिफिकेटची खासगी किल्ली लागते. एन्क्रिप्टेड डेटात सारखे तुकडे सापडतच नाहीत. बँक आणि जीएसटी पोर्टलला हात लावू नका. उरलेल्या टीसीपीला नुसतं विंडो स्केलिंग, म्हणजे विंडो ६४ केबीच्या वर नेणं, पुरे.

पीअर दिसत नसेल तर मधल्या फायरवॉलवर संशय घ्या. यंत्रं एकमेकांना टीसीपी ऑप्शनमधून (पॅकेटच्या मथळ्यातली जादा नोंद) ओळखत असतील, तर अनोळखी ऑप्शन खोडणारा फायरवॉल ती ओळखच पुसतो. फाइल शेअरिंगला फरकच पडला नाही, तर एसएमबी साइनिंग, म्हणजे फाइल शेअरिंगच्या प्रत्येक संदेशावर छेडछाड ओळखणारी सही, चालू असेल. ते बंद करायचा मोह टाळा, सुरक्षा जाते. यंत्राला डोमेनमध्ये (ऑफिसच्या विंडोज खात्यांचं जाळं) सामील करायची सोय असेल तर ती वापरा. कनेक्शन मधेच तुटत असेल, तर पॅकेट एका लाइनने जाऊन दुसरीने परततंय का बघा. रस्ता खोदताना केबल तुटली आणि बॅकअप लाइन चढली की हे हमखास होतं. आयपीसेक (एन्क्रिप्टेड बोगदा) असेल तर एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, १३६० बाइटवर आणा.

तपासणीला २०० एमबीची एकच फाइल दोनदा ओढा. पहिल्यांदा कॅश रिकामी, म्हणून फरक थोडाच दिसेल. दुसऱ्यांदाही तोच वेळ लागला, तर पॉलिसीचा हिट काउंटर, म्हणजे कोणता नियम किती वेळा लागला याचा आकडा, उघडा. बहुधा वरच्याच एखाद्या नियमाने ती फाइल पळवलेली असते.