चिंच वळवाआधी उतरवा, पण झोडपू नका

होळी जवळ आली, की पुरंदर-शिरूरकडे बांधावरच्या चिंचांखाली काठ्या घेतलेली माणसं दिसायला लागतात. यंदा ती काठी जरा बाजूला ठेवा. चिंचेला नवी पालवी मार्च-एप्रिलात फुटते आणि मे-जूनमध्ये त्याच कोवळ्या शेंड्यांवर फुलं येतात. काठीच्या तडाख्यात आकड्यांबरोबर, म्हणजे चिंचेच्या शेंगांबरोबर, शेंडेही गळतात, आणि पुढच्या साली बहर आला नाही की आपण झाडाला बोल लावतो. वर्षाआड कमी फळणं हा चिंचेचा स्वभावच, त्यात आपली काठी भर घालते.

आकडा तयार झाला का, हे झाडाच्या रंगावरून कळत नाही. खालच्या फांदीचा एक तोडून नखाने खरवडा. हिरवी रेघ उठली तर अजून राहू द्या. टिचकी मारल्यावर पोकळ वाजला, अंगठ्याने दाबताच टरफल अंड्याच्या कवचासारखं फुटलं आणि गर आतून सुटा दिसला, की उतरवा. गाभुळलेली चिंच पोरांनी मीठ लावून खावी. वाळवून विकायची तर ती अजून कच्चीच. एका झाडाचे दोन-तीन तोडे करावे लागले तरी चालेल. खाली ताडपत्री अंथरा, फांदी हलवा, उरलेले आकडे आकडीने, म्हणजे टोकाला हूक असलेल्या काठीने, ओढून काढा. वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच.

एप्रिलात वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही. भिजलेल्या टरफलाआड बुरशी धरते, म्हणून पिकलेला माल झाडावर ठेवू नका.

दोन-चार उन्हं दाखवून लगेच फोडा. टरफलावर बारीक गोल भोकं दिसली तर तो आकडा वेगळा काढा, तो भुंग्याचा. हाच भुंगा भुईमुगाच्या शेंगाही पोखरतो, तेव्हा चिंचेची गोणी शेंगांच्या पोत्यांशेजारी नको. फोडलेला गर लोखंडी घमेल्यात ठेवू नका, आंबटपणा लोखंड खातो. साठवणीत गर काळा पडतोच, थंड जागी सावकाश पडतो एवढंच.

नवी लागवड करायची तर मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे आत्ता घ्या, उन्हात तापू द्या, पावसाळ्याच्या तोंडाशी कलम लावा. दोन झाडांत 10 मीटर अंतर ठेवा. कलम चार-पाच वर्षांत फळतं, चिंचोक्याचं रोप त्याच्या दुप्पट थांबवतं. आणि शेंगवर्गातली म्हणून हरभऱ्यासारखं फुकट नत्र मिळेल असं धरू नका. चिंचेच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी नसतात. शेणखत घालावंच लागतं.