नेट नसलं तरी चालणारं संदर्भांचं सॉफ्टवेअर
धारणी-भामरागडकडे रेंज येते-जाते, म्हणून पीएचडीसाठी संदर्भांचं सॉफ्टवेअर (वाचलेल्या पुस्तका-लेखांच्या नोंदी ठेवून प्रबंधात संदर्भ टाकणारं) निवडताना ते नेटशिवाय चालतं का, हे आधी पाहा. झोटेरो त्यासाठी उत्तम: मोफत आहे, साठा तुमच्याच लॅपटॉपवर राहतो, वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत संदर्भ टाकता येतात. ऑनलाइन फुकट जागा मात्र ३०० एमबीच. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांनी ती लगेच भरते. मग पीडीएफचं सिंक (ऑनलाइन साठ्याशी आपोआप जुळवणी) बंद करा, नोंदींचं, म्हणजे लेखक-शीर्षकासारख्या माहितीचं, चालू ठेवा. नोंदींना ही मर्यादा नाही. झोटेरोचा डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हच्या सिंकमध्ये कधीच ठेवू नका, डेटाबेस बिघडू शकतो. त्याऐवजी दर आठवड्याला प्रोग्राम बंद करून तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. आणि मराठी लेखकाचं आडनाव वेगळ्या रकान्यात भरा, नाहीतर यादी पहिल्या नावाने लागते.