आधी वाटाड्या, मग डोंगर: खान्देशातून बारमाही ट्रेक कसा आखावा

ट्रेक म्हटलं की जळगाव-धुळ्याची मंडळी थेट नाशिक-पुण्याकडे बघतात. घराच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. एक खरं, की सातपुड्यातल्या बहुतेक वाटांवर पाट्या नाहीत, बाण नाहीत, आणि गाव सुटलं की मोबाइलची रेंजही जाते. शिवाय जुलैत पाहिलेली वाट नोव्हेंबरात ओळखू येत नाही. म्हणून डोंगर कोणता, हे नंतर ठरवा. सोबत कोण येणार, ते आधी.

वाटाड्या कसा ठरवावा

पायथ्याच्या गावात एक दिवस आधी जा. किराणा दुकान, आश्रमशाळा, पोलीस पाटील, वनविभागाचा नाका, यांपैकी कुणालाही विचारा: ‘गुरं घेऊन किंवा मोहाला वर कोण जातं?’ जो रोज जातो तो तुमचा माणूस. फोटो छान काढणारा, इंग्रजी बोलणारा असेल तर उत्तम, पण त्यावरून निवड करू नका.

मजुरी निघण्याआधीच ठरवा आणि रोख सोबत ठेवा. वर रेंजच नाही तर मोबाइलवरून पैसे कसे देणार? त्याचं जेवण-पाणी तुमच्याकडे. अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. ‘हे इथंच’ म्हणजे अर्धा तास किंवा अडीच तास, दोन्ही असू शकतं. त्याऐवजी विचारा: ‘दादा, सकाळी निघालो तर जेवायला कुठं पोचू? पाणी शेवटचं कुठं मिळेल? पाऊस आला तर कुठून फिरायचं?’ तिसऱ्या प्रश्नाला उत्तर लगेच आलं, तर निश्चिंत जा.

नंदुरबारकडे घरात भिली, पावरी बोलतात, चाळीसगावकडे अहिराणी. ‘कसं काय भाऊ’ एवढ्यानंही सुरुवात होते. चालताना सगळ्यांत हळू माणूस वाटाड्याच्या पाठोपाठ आणि तरणाताठा गडी सगळ्यांत मागे. उलट केलं की गट तुटतो.

पावसाळा: जुलै ते सप्टेंबर

सुरुवात पाटणादेवीपासून करा. चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटर. हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर नोंद करा आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. समोर कन्हेरगड, त्याच्या पोटात लेणी, आणि आत धवलतीर्थ, केदारकुंड हे धबधबे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला, त्याचा शिलालेख याच पाटण्यात आहे. गणितात नापास झालेल्यांनीही तेवढ्यासाठी दहा मिनिटं थांबावं.

इथला खरा धोका नाल्याचा. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर पठारावर पाऊस कोसळत असतो. नाल्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पाला-काटक्या वाहत आल्या, की फोटो सोडा आणि काठ चढून वर या. ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. ओसरायला बहुधा काही तास पुरतात. काळ्या दगडावरचं शेवाळ दिसत नाही, म्हणून चकाकणाऱ्या दगडावर पाय टाकू नका, खरबरीत बघून टाका. धबधब्याखाली डोहात उतरण्याचा मोह इथं दरवर्षी कुणाला ना कुणाला भोवतो.

दिवाळीच्या आसपास: गवत आणि कुसळं

पाऊस गेला की गवत कमरेला लागतं आणि वाट गडप होते. या दिवसांत वाटाड्याची गरज पावसाळ्यापेक्षा जास्त. त्यात कुसळं. मोज्यात शिरलेलं कुसळ मागे ओढलं तर त्याचे बारीक केस उलटे अडकतात. ते टोकाच्या दिशेनं पुढेच काढायचं. पोटरीवर गेटर (बुटापासून गुडघ्यापर्यंतचं कापडी आवरण) बांधले तर हा जाच निम्मा होतो. ते विकत घ्याच, पुढं बर्फातही कामी येतील.

अस्तंबा डोंगराची यात्रा याच काळातली, धनत्रयोदशीपासून. उंची १३२५ मीटर, वर अश्वत्थाम्याचं स्थान. भळभळत्या जखमेसाठी तेल मागत तो अजून या रानात फिरतो अशी श्रद्धा. तळोद्याकडून हजारो लोक चढतात, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा यात्रेतच जा, पण पाहुण्यासारखं: स्पीकर घरी, चपला सांगतील तिथं. परतीला चांदसैली घाटात टपावर माणसं बसवलेल्या गाडीत मात्र चढू नका.

थंडी: डिसेंबर ते फेब्रुवारी

तोरणमाळ, आणि अक्कलकुव्याकडचं डाब. डाबला पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं होतं, खान्देशात बर्फ म्हणावा तो एवढाच. दुपारी मात्र घाम फुटतो. म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला: आत घाम सुकवणारा कपडा, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जर्किन. चढ लागला की घाम फुटायच्या बेतात असतानाच एक थर काढा. बिबड्या (ज्वारीचे पापड), गूळ-शेंगदाणे, दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा एवढी शिदोरी दिवसभर पुरते.

इथून खऱ्या बर्फाकडे

वरच्या दोन-चार फेऱ्या पचल्या की उत्तराखंड किंवा काश्मीरचा विचार करा. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर, तर गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर. पोचल्या दिवशी चढू नका. ३००० मीटरच्या वर मुक्काम रोज ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नये. डोकं दुखून मळमळ सुरू झाली तर वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं. सुती कपडा बर्फात नको, ओला झाला की अंगातली ऊब खातो. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं डोळे भाजतात, म्हणून काळा चष्मा ढगाळ दिवशीही हवा.

मळलेल्या, टणक बर्फावर बुटाखाली काटेरी साखळ्या पुरतात. स्नोशू, म्हणजे बुटाखाली बांधायचे रुंद तळवे, लागतात ते पाय मांडीपर्यंत रुतणाऱ्या ताज्या, भुसभुशीत बर्फात. रुंद तळव्यावर वजन पसरतं आणि माणूस फारसा बुडत नाही. पुढचा पाय घट्ट बांधायचा, टाच मोकळी राहते. नवशिक्या पडतो तो बहुतेक वेळा स्वतःच्याच दुसऱ्या स्नोशूवर पाय देऊन, तेव्हा पाय नेहमीपेक्षा फाकवून टाका. उलट्या पावली मागे चालू नका, स्नोशूची शेपटी बर्फात रुतते. वळायचं तर लहान अर्धगोल घ्या. उतारावर गुडघे सैल, पावलं आखूड. पहिली वाट पाडणारा लवकर दमतो, म्हणून सपाटीला आळीपाळी करा. पाण्याची बाटली उलटी ठेवा: बर्फ वरून धरतो, मग तोंड मोकळं राहतं.

तीव्र उतारावर ताजा बर्फ पडला असेल तर हिमस्खलनाचा धोका असतो. तिथल्या गाइडनं ‘आज नको’ म्हटलं की भुसावळपासूनच्या तिकिटाचे पैसे आठवायचे नाहीत.

उन्हाळा

मार्चच्या मध्यापासून ट्रेकला सुट्टी द्या. पारा ४५ च्या घरात जातो, झरे आटतात, वणवे लागतात. फारच वाटलं तर तोरणमाळला पहाटे निघून दहाच्या आत सावलीत या, माणशी ४ लिटर पाणी घेऊन. एरवी हे दिवस बुटाचे तळवे शिवून घ्यायचे, आणि जूनच्या सुरुवातीला वाटाड्याला फोन करायचा; पेरणी लागली की तो आठवडाभर सापडत नाही.