अंधारात मासा जास्त का हलतो? नाइफफिशची नळी-चाचणी

ग्लास नाइफफिश आडोशाला बसला असताना तो आडोसाच हळूहळू पुढे-मागे सरकवला, तर मासाही त्याच्याबरोबर सरकतो. वळत नाही, शेपटी झोडत नाही. अंग ताठ ठेवून पोटाखालच्या लांब पराच्या लाटेवर तो पुढे जातो आणि तसाच उलटा मागे येतो. ही हालचाल मोजायला एक मोटर, एक कॅमेरा आणि स्प्रेडशीट पुरते. कळलं म्हणून मासा हलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. कळावं म्हणूनही तो हलतो, हे या मोजणीत दिसतं.

१९५१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांनी आफ्रिकेतल्या जिम्नार्कस माशातून सतत क्षीण विद्युत स्पंद निघतात हे दाखवलं. ग्लास नाइफफिश, म्हणजे आयगनमानिया, दक्षिण अमेरिकेतला. त्याचीही तीच तऱ्हा, सेकंदाला काही शे स्पंद. जवळच्या वस्तूंमुळे माशाभोवतीचं विद्युत क्षेत्र किंचित बदलतं आणि कातडीतली ग्राही इंद्रियं तो बदल टिपतात. शिवाय डोळे आहेतच. एकाच कामाला दोन इंद्रियं, आणि त्यातलं एक दिवा मालवून काढून घेता येतं. सगळा डाव यावरच आहे.

मासा आणि पाणी

१० ते १५ सेंमी लांबीचा एकच मासा घ्यायचा. दोन मासे जवळ आले आणि त्यांच्या स्पंदांच्या वारंवारतेत काही हर्ट्झचाच फरक असला, तर ते आपापली वारंवारता एकमेकांपासून दूर नेतात. वातानाबे आणि ताकेदा या संशोधकांनी हे १९६३ मध्येच नोंदवलं आहे. आपल्या मोजणीत ती भानगड नको. हा मासा कळपात राहणारा, त्यामुळे दिवसाची चाचणी संपली की त्याला सोबत्यांत परत सोडायचं.

पाणी २६-२७ अंश सेल्सिअस, विद्युतवाहकता १०० ते ३०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. क्षार वाढले की विद्युत-जाणीव कमजोर पडते आणि माशाचं वागणंही बदलतं, म्हणून पहिल्या दिवशी जो आकडा आला तोच शेवटपर्यंत ठेवायचा. टाकीत दुसरा कुठलाही आडोसा नको. असला तर मासा तिकडेच जाऊन बसतो. चित्रण चालू असताना फिल्टर आणि हीटर बंद. फिल्टरच्या प्रवाहाकडे मासा तोंड करतो, आणि पार्श्वरेखेला म्हणजे अंगावरून जाणारं पाणी जाणवणाऱ्या इंद्रियाला उगीच काम लागतं.

सरकता आडोसा

गोल पीव्हीसी नळीपेक्षा ३ मिमी अॅक्रिलिकची तीन बाजूंची पन्हळ बरी: उलटी ठेवलेली, तळ उघडा. १२ सेंमीच्या माशासाठी लांबी १५ सेंमी, उंची ५ आणि आतली रुंदी ४ सेंमी. छत आणि मागची भिंत दुधी, पुढची पारदर्शक. अॅक्रिलिकमधून वीज जात नाही, त्यामुळे पारदर्शक भिंतही माशाला विजेने ‘भिंत’ म्हणूनच जाणवते, आणि कॅमेऱ्याला मात्र आतलं दिसतं.

दोन्ही भिंतींत १ सेंमी रुंदीच्या पाच उभ्या खाचा कापायच्या. दोन खाचांमध्ये दीड सेंमी भिंत. या खाचा विसरल्या तर चाचणी बसतच नाही. गुळगुळीत भिंत आपल्याच लांबीच्या दिशेने सरकली तर माशाच्या अंगासमोर काहीच बदलत नाही. टोकं सोडली तर ती हलते आहे हे कळायला खूणच उरत नाही. खाच आली की भिंतीच्या जागी पाणी येतं आणि विद्युत क्षेत्र बदलतं.

जोड मत्स्यटाकीच्या सिलिकॉनने, निदान ४८ तास वाळवून. पाण्यात धातू अजिबात नको, स्क्रूसुद्धा नाही. धातूमुळे क्षेत्र विस्कटतं. पन्हळ अॅक्रिलिकच्या दांडीने वरून टांगायची, तळापासून सेंटीमीटरभर वर. छताच्या पुढच्या कडेवर दोन काळे ठिपके. मग तीन-चार दिवस ती तशीच स्थिर ठेवायची, म्हणजे मासा तिला घर मानतो.

मोटर

एका फेरीला २०० पावलं टाकणारी स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी), १६ सूक्ष्मपावलांवर चालवली की एका फेरीला ३२०० पावलं होतात. तिच्या आसावर १५ मिमी त्रिज्येचा क्रँक, त्याला १५० मिमीची जोडदांडी आणि पुढे सरळ रुळावर चालणारी गाडी. मोटर एकाच वेगाने फिरवायची; सेकंदाला ३२० पावलं म्हणजे ०.१ हर्ट्झ, ३२०० म्हणजे १ हर्ट्झ. १६ मेगाहर्ट्झच्या साध्या अर्डुइनोला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक-बोर्डाला, हे झेपतं. जोडदांडी आखूड करण्याचा मोह होतो, तो टाळा: १५० मिमीला साइन-हालचालीतली चूक ०.४ मिमीच्या आत राहते, ४० मिमीला ती जवळजवळ दीड मिमी होते.

मोटरचा स्टँड टाकीपासून वेगळा हवा. मोटर टाकीच्या काठावर बसवली तर तिची थरथर काचेतून पाण्यात उतरते, आणि मासा पन्हळीला प्रतिसाद देतोय की थरथरीला हे सांगता येत नाही. पन्हळीबरोबर पाणीच ओढलं जातंय का, हेही एकदा बघून घ्या: टाकीच्या तळाला बांधलेला हलका दोरा पन्हळीच्या आत उभा तरंगत ठेवायचा आणि मोटर चालू करायची. दोरा पन्हळीबरोबर डुलू लागला तर आतली रुंदी वाढवा.

चित्रण

कॅमेरा निदान १ मीटर लांब, टाकीच्या काचेला काटकोनात, सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम). मोजपट्टी पाण्यात, माशाच्याच प्रतलात धरून एकदा चित्रित करायची. काचेवर बाहेरून चिकटवलेली पट्टी चुकीचं माप देते. मागच्या बाजूला ९४० नॅनोमीटरचा अवरक्त दिवा. दुधी भिंत तो उजेड पसरवते. कॅमेऱ्याला अवरक्त दिसतं का हे टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर दाबून कळतं. फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात बहुधा अवरक्त अडवणारी गाळणी असते, रात्रीचा सुरक्षा-कॅमेरा चालतो. अंधार म्हणजे खरा अंधार. अॅडॅप्टरवरच्या मिणमिणत्या दिव्यांवरही चिकटपट्टी लावा, आणि दिवा बंद केल्यावर १५ मिनिटं थांबा.

वारंवारता चार: ०.१, ०.२, ०.५ आणि १ हर्ट्झ. प्रत्येक चित्रण ६० सेकंदांचं, त्यातले पहिले १० टाकून द्यायचे. उरलेल्या ५० सेकंदांत ५, १०, २५ आणि ५० अशी पुरी आवर्तनं बसतात, ०.२५ हर्ट्झ घेतलं असतं तर साडेबारा आली असती आणि हिशेब बिघडला असता. उजेड आणि अंधार आलटून-पालटून, प्रत्येकी पाच वेळा. जोडीला पन्हळ स्थिर ठेवूनही दोन्हीकडची पाच-पाच चित्रणं. दिवसाला दहा-बारापेक्षा जास्त नकोत. मासा भिंतीवर आपटायला लागला किंवा कल्ले भराभर हलायला लागले की त्या दिवसापुरतं थांबायचं.

हिशेब

‘ट्रॅकर’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन चौकटीगणिक पन्हळीचा ठिपका आणि माशाचा डोळा टिपायचा. मासा आरपार दिसतो, पण डोळा काळा असतो आणि अवरक्त उजेडातही उठून दिसतो. शेपटीचं टोक धरू नका. ते स्वतंत्रपणे डुलतं.

स्प्रेडशीटमध्ये वेळ, पन्हळीचं स्थान आणि माशाचं स्थान असे तीन स्तंभ. दोन्ही स्थानांतून आपापली सरासरी वजा करा. माशाच्या स्तंभाला त्या वारंवारतेच्या कोसाइनने गुणून सरासरी काढा आणि दुप्पट करा, ती ‘क’. साइनने तसंच केलं की ‘ख’. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे माशाच्या झोक्याचा आयाम. पन्हळीसाठीही हेच. माशाचा आयाम भागिले पन्हळीचा आयाम म्हणजे गेन. फेज, म्हणजे झोका आवर्तनात कुठे आहे तो कोन, एटॅन-टू (ATAN2) सूत्राने निघते. स्प्रेडशीटमध्ये त्यात आधी ‘क’ आणि मग ‘ख’ लिहावा लागतो, प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांत उलट. माशाच्या फेजमधून पन्हळीची फेज वजा केली की पिछाडी मिळते. समजा ०.५ हर्ट्झला ती ३६ अंश आली, तर मासा ०.२ सेकंद मागे आहे.

आता खरा माल. माशाच्या स्थानातून ही साइन वजा करा. जे उरतं ती पन्हळीच्या मागे जाण्यापलीकडची, माशाने आपणहून केलेली हालचाल. दर ०.१ सेकंदाला त्यात किती मिमी फरक पडला ते घ्या, उणे चिन्ह सोडून द्या आणि ५० सेकंदांची बेरीज करा. प्रत्येक चौकटीची बेरीज घेतलीत तर टिपणीतली थरथरच हजारो वेळा मोजली जाईल. ०.१ सेकंदालाही ती थोडी राहतेच. स्थिर ठिपका टिपून तिची बेरीज आधी काढून ठेवा, त्याच्या आसपासचा आकडा म्हणजे शून्यच समजा.

संथ झोक्यांना गेन १ च्या जवळ असतो. १ हर्ट्झकडे जाताना तो पडतो आणि पिछाडी वाढते. दिवा बंद केल्यावर संथ झोक्यांचा गेन कोसळत नाही, पण उरलेली हालचाल ठळकपणे वाढते. पन्हळीच्या झोक्यावर स्वार होऊन मासा आपले छोटे, जलद झोके घेत राहतो. कारण सोपं आहे. पन्हळीबरोबर मासा अगदी तंतोतंत सरकला तर कातडीसमोर खाचा हलतच नाहीत, आणि न बदलणारी उत्तेजना ही इंद्रियं लवकरच सोडून देतात. बोट नुसतं टेकवून कापडाचा पोत कळत नाही, फिरवावं लागतं, तसंच हे. उजेडात डोळा ते काम करतो, म्हणून मासा निवांत असतो.

गेन १.३ वगैरे आला तर बहुधा सूत्राऐवजी झोक्याच्या दोन टोकांमधलं अंतर मोजलेलं असतं. अंधारात त्या अंतरात माशाची स्वतःची हालचालही येते. हाताने हलवलेल्या पन्हळीचे आकडे यात मिसळू नका: एकसुरी साइनचा मागोवा हा मासा अनेक वारंवारता मिसळलेल्या हालचालीपेक्षा चांगला घेतो. आणि मधेच मासा तोंड फिरवून उलटा बसला, तर ते चित्रण सरळ टाकून द्या.

वेळ असेल तर काही चित्रणं सेकंदाला २४० चौकटींनी, पोटाखालचा पर भरून दिसेल अशी घ्या. परावर दोन लाटा समोरासमोर धावतात, डोक्याकडून एक आणि शेपटीकडून एक, आणि मधे एका गाठीशी भेटतात. मासा पुढे निघाला की गाठ शेपटीकडे सरकते, मागे निघाला की डोक्याकडे. डोळ्यापासून गाठीपर्यंतचं अंतर दर चौकटीला टिपून चौथ्या स्तंभात ठेवा आणि माशाच्या वेगाशेजारी त्याचा आलेख काढा. अंधारातल्या त्या छोट्या झोक्यांच्या वेळी गाठ किती भरभर पुढे-मागे होते, ते त्यात दिसेल.